मदत हवी आहे: समांतर पृथ्व्यांची 'ती' कादंबरी. समीक्षकांचं नक्की म्हणणं काय?

वाचनवेडी
नमस्कार मंडळी, तातडीचं आहे. समांतर पृथ्व्यांवरची ती दोघांनी मिळून लिहिलेली कादंबरी इथे बऱ्याच जणांनी वाचलेली असणार. समीक्षकांनी तिचं स्वागत कसं केलं, यावर मला दीड पान मजकूर द्यायचाय, परवापर्यंत. दहा-बारा परीक्षणं वाचून डोक्याचा पार भुगा झालाय. एक म्हणतो कल्पना भन्नाट, दुसरा म्हणतो काही घडतच नाही, तिसरा म्हणतो युद्ध युद्ध करत ताणलं आणि युद्ध झालंच नाही. एकमत नक्की कशावर आहे? "स्वतः वाचून ठरवा" असं कृपया सांगू नका.

खगोलखुळा
कोणती कादंबरी? लेखक कोण? क्लार्क आणि बॅक्स्टर यांनी मिळून लिहिलेली २००३ ची म्हणत असाल, तर तिथे वेगवेगळ्या काळातले तुकडे एकाच पृथ्वीला जोडलेत. समांतर पृथ्व्या नव्हेत त्या.

वाचनवेडी
अहो, टेरी प्रॅचेट आणि स्टीफन बॅक्स्टर. बटाटेवाली. मला वाटलं लगेच कळेल.

तिरपागडा
'द लाँग अर्थ' होय! नावातच अर्थ आहे तरी लोकांना अर्थ लागत नाही, ही गंमत आहे खरी.

जुनाट_ट्रान्झिस्टर
बटाट्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बटाट्यात वीज नसते. जस्ताची पट्टी झिजते, तांब्याची समोर असते आणि वीज त्या जस्तातून येते. बटाटा नुसता मधला रस पुरवतो. एका बटाट्यावर एक व्होल्टही धड मिळत नाही. त्याच्या जोरावर माणूस दुसऱ्या पृथ्वीवर जाणार म्हणजे कमाल आहे. मी तिथेच पुस्तक मिटलं.

हास्यरसिक
ट्रान्झिस्टरकाका, तो विनोद आहे हो! घरच्या घरी डबा जुळवायचा, त्यात बटाटा खुपसायचा, खटका दाबायचा की माणूस शेजारच्या पृथ्वीवर. हा अस्सल प्रॅचेट. ताई, समीक्षकांची खरी कुरकुर हीच होती, की असे प्रसंग फार थोडे आहेत. डिस्कवर्ल्डचा, म्हणजे प्रॅचेटच्या त्या विनोदी मालिकेचा, वाचक खदखदून हसायला येतो आणि त्याला मिळतं शेकडो पृथ्व्यांवरून सरकत जाणारं हवाईजहाज. माझं स्पष्ट मत: बॅक्स्टरने पाणी घातलं.

कठीणविज्ञान
पाणी?! गणित शिकून अभियांत्रिकीत डॉक्टरेट केलेला माणूस आहे तो. लोखंड दुसऱ्या पृथ्वीवर नेता येत नाही, या एका नियमातून काय काय निघतं बघा. नव्या वसाहतीत पोलादी हत्यार नाही, बंदूक नाही, सगळं तिथल्या मातीतून पुन्हा उभं करायचं. पलीकडे सोनं हवं तेवढं, म्हणजे इकडच्या सोन्याची किंमत काय राहिली? बऱ्याच परीक्षणांनी कौतुक केलंय ते या विस्ताराचं, विनोदांचं नाही.

हास्यरसिक
मूळ कल्पना प्रॅचेटची आहे. त्याने १९८६ मध्येच यावर एक कथा लिहिली होती, डिस्कवर्ल्ड जोरात चाललं म्हणून बाजूला ठेवली. ती थेट २०१२ मध्ये छापली गेली, ही कादंबरी आली त्याच वर्षी. तेव्हा श्रेय कुणाचं ते तुम्हीच ठरवा.

कठीणविज्ञान
कल्पना सुचणं वेगळं आणि ती पाच खंड पेलणं वेगळं.

पुंजवादी
कुणी 'क्वांटम' म्हणायच्या आत स्पष्ट करतो. भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेटच्या १९५७ च्या मांडणीत दर शक्यतेगणिक जग फुटून फांद्या निघतात, पण एका फांदीवरून दुसरीवर उडी मारता येत नाही. इथे पृथ्व्या माळेतल्या मण्यांसारख्या ओळीने, 'पूर्वेला' एक पाऊल की 'पश्चिमेला' एक. आणि मूळचा माणूस फक्त आपल्या पृथ्वीवर. समीक्षकांनी हे धरायला हवं होतं.

तिरपागडा
पुंजवादी, समीक्षकांनी काय धरायला हवं होतं हे ताईंनी विचारलेलं नाही. :)

आठवणीतला_कट्टा
अवांतर: समांतर जगच वाचायचं तर नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचा. एका कथेत काम फत्ते. पाच खंडांची गरज काय?

सुसाट
मला तर जाम आवडली. शेवटी मॅडिसनमध्ये अणुबॉम्ब फुटतो तेव्हा अंगावर काटा आला.

तिरपागडा
अरे सुसाट!! रहस्यभेदाची सूचना तरी टाकायचीस.

वाचनवेडी
थँक्यू सुसाट. मी अजून निम्म्यात आहे.

खगोलखुळा
एक मिनिट. निम्मंच वाचून समीक्षेवर लिहिताय? असो. माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही सुरुवातीला युद्ध झालंच नाही असं लिहिलंत. पहिल्या भागाच्या नावात युद्ध कुठे आहे? तुमची परीक्षणं कोणत्या सालची आहेत?

वाचनवेडी
साल नाही पाहिलं. सगळ्यांवर 'लाँग' होतं. :(

खगोलखुळा
हा घ्या घोळ. 'लाँग अर्थ' २०१२ चं. 'लाँग वॉर' २०१३ चं, आणि नाव युद्धाचं असून युद्ध कुठाय ही तक्रार त्याच्याबद्दलची. मग दरवर्षी एक: मार्स, युटोपिया आणि शेवटचं कॉसमॉस २०१६ मध्ये, म्हणजे मार्च २०१५ मध्ये प्रॅचेट गेल्यानंतर. त्या शेवटच्या परीक्षणांत निरोपाचा सूर मिसळलेला असणारच. ती पहिल्या पुस्तकाच्या स्वागतात जमा करू नका. आधी सालवार गठ्ठे करा, मग पहिल्या गठ्ठ्यात तुम्हाला बहुधा तीनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतील. कल्पनेचं कौतुक, कथानक विरळ असल्याची खंत, आणि पुस्तक जिथे वेग घेतं तिथेच थांबतं ही चिडचिड. म्हणजे परीक्षणं एकमेकांना खोडत नाहीत. एकाच गोष्टीला कुणी ऐसपैस म्हणतं, कुणी पसरट.

हास्यरसिक
आणि विनोद कमी असल्याची खंत. ती चौथी.

कठीणविज्ञान
ती समीक्षकांची कमी, चाहत्यांची जास्त. दोन्हींत फरक करा, ताई. चाहता डिस्कवर्ल्ड नाही म्हणून रुसतो. समीक्षक लोबसांगसारख्या पात्राशी तरी दोन घटका थांबतो: आपण तिबेटी मोटरसायकल मेकॅनिकचा पुनर्जन्म आहोत असा दावा करणारा संगणक! आता हा कुणाचा विनोद, तुमच्या प्रॅचेटचा की माझ्या बॅक्स्टरचा?

हास्यरसिक
प्रॅचेटचा. यावर चर्चा नाही.

वाचनवेडी
गठ्ठे केले. बारांपैकी पाच दुसऱ्या भागाची निघाली आणि एकावर तारीखच नाही. ते वगळते. उरलेल्या सहांवरून आजच पान लिहायला घेते. खगोलखुळा, खूप आभार. सुसाट, तुझे नाहीत.

जुनाट_ट्रान्झिस्टर
जस्ताऐवजी मॅग्नेशियम घेतलं तर व्होल्टेज वाढेल बरं का.