फक्त पैशावर टीम टिकत नाही

बरेच जण म्हणतात की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधे आता पैसाच बोलतो, कोचच्या हातात काही राहिलं नाही. मला हे अर्धंच पटतं. 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिरातीतून कमवू शकतात, त्याच वर्षी पहिल्यांदा कॉलेज बदलताना वर्षभर बाहेर बसायची अटही गेली आणि 2025-26 पासून तर कॉलेजं थेट पैसे देतायत, हे खरंच.

पण कोच कर्ट सिग्नेटी बघा ना, ते जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटी सोडून इंडियाना युनिव्हर्सिटीला गेले तर तिथली डझनभर पोरं त्यांच्या मागे आली, आणि 2023 ला 3-9 वर (3 विजय, 9 पराभव) संपलेली इंडियानाची टीम 2024 ला 11-2 करून प्लेऑफमधे, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत! पोरांना माहीत होतं हा माणूस काय मागतो आणि कशावर खेळवतो.

खरी परीक्षा बेंचवरच्या पोरांची असते, सगळ्यात आधी तीच जायला निघतात. 2018 च्या नियमाने नवीन पोरगा चार मॅचपर्यंत खेळला तरी कॉलेजकडून खेळायला मिळणाऱ्या ठरलेल्या वर्षांतलं त्याचं वर्ष वाया जात नाही, चांगले कोच त्या चार मॅच जपून वापरतात, पोराला मैदान दिसतं, घरचेही खूश. आणि तुझ्या जागेसाठी तू तिसऱ्या नंबरवर का आहेस हे तोंडावर सांगतात, झुलवत ठेवत नाहीत. स्कॉलरशिपशिवाय राबणाऱ्या पोराला भर मीटिंगमधे स्कॉलरशिप जाहीर करतात तेव्हा अख्खी टीम आनंदाने त्याच्या अंगावर झेपावते, ते व्हिडिओ बघाच.