मदत हवी आहे : सवडीने पाहायचे तास मुले पाहतच नाहीत

खडूफळा
मी दक्षिण गोव्यातील एका महाविद्यालयात परिव्यय लेखांकन (कॉस्ट अकाउंटिंग) शिकवतो. या सत्रात काही भाग मुलांनी आपापल्या सवडीने ऑनलाइन शिकायचा आहे. व्हिडिओ चढवले, चर्चेसाठी जागा उघडली, सूचना वारंवार दिल्या. तरीही चर्चेत 'धन्यवाद सर' यापलीकडे ओळ येत नाही. गणेश चवथीच्या सुट्टीआधी हे मार्गी लागायला हवे. कृपया उपाय सांगावा. 'शिकवणे रंजक करा' हा सल्ला नको, तो पुष्कळ ऐकून झाला आहे.

मांडवीकाठ
ऑनलाइन वर्गासाठी आपण कोणती प्रणाली वापरता, मूडल की गूगल क्लासरूम? व्हिडिओ किती लांबीचे आहेत? चर्चेत नेमके काय विचारले आहे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

निवृत्त_मास्तर
चर्चेला गुण ठेवावेत, प्रश्न तिथेच मिटेल. आमच्या वेळी हजेरीपटाचा धाक होता म्हणून वर्ग भरत असे.

सत्तरीकर
मास्तर, क्षमा असावी, पण गुणांच्या धाकाने एकाचे उत्तर सगळे उतरवतात आणि शिक्षकाला तेच तेच वाचावे लागते. माझ्या मते मूळ अडचण नेटवर्कची आहे. 2020 च्या टाळेबंदीत सत्तरी आणि सांगे भागातील मुले सिग्नलसाठी डोंगर चढत होती, हे आपण इतक्यात विसरलो का? व्हिडिओसोबत लिखित टिपण द्यावे.

दर्यावर्दी
मुळात स्वतःचे व्हिडिओ करण्याचा खटाटोप कशासाठी? उच्च शिक्षण संचालनालयाच्या 'दिश्टावो' उपक्रमात पदवी अभ्यासक्रमाचे व्हिडिओ तयार आहेत.

खडूफळा
व्हिडिओ कोणाचे, हा माझा प्रश्नच नाही. आम्ही मूडल वापरतो, व्हिडिओ पूर्ण तासाचे आहेत, गुण नाहीत. 'या घटकावर आपले मत मांडा' असे विचारले होते. नेटवर्कचे म्हणाल तर हीच मुले रील व्यवस्थित पाहतात. बरीच जण हॉटेलांत कामाला जातात आणि रात्री उशिरा घरी येतात, ही गोष्ट मात्र खरी.

नाद_आणि_माईक
कॉलरला लावायचा माईक घ्यावा आणि खोलीला जाड पडदे लावावेत. आवाज घुमला की कोणीही ऐकत नाही.

मांडवीकाठ
आता चित्र स्पष्ट झाले. कामावरून थकून आलेला मुलगा रात्री तासाभराचा व्हिडिओ उघडणार नाही. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांच्या 2014 मधील एका अभ्यासात, 6 मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओ सर्वाधिक टिकून पाहिले जातात, असे आढळले होते. त्याहून मोठी अडचण तुमच्या प्रश्नाची आहे. स्थिर खर्चाविषयी, म्हणजे विक्री कितीही झाली तरी तेवढाच राहणाऱ्या खर्चाविषयी, मुलांचे कसले मत असणार? त्याऐवजी असे विचारावे : तुमच्या गावच्या जत्रेत खाज्याचे दुकान लागते, तिथे जागेचे भाडे, बेसन, गूळ, तेल आणि मदतनीसाची मजुरी यांपैकी स्थिर खर्च कोणता, बदलता कोणता, आणि पाऊस पडून गिऱ्हाईक आले नाही तर दुकानदार कशात अडकतो? प्रत्येकाची जत्रा वेगळी, त्यामुळे नक्कल करणे अवघड जाते. मूडलमध्ये 'प्रश्न आणि उत्तर' प्रकारची चर्चा निवडावी. स्वतःचे उत्तर दिल्याशिवाय इतरांची उत्तरे दिसत नाहीत. आणि पहिल्या काही उत्तरांना तुम्ही त्याच दिवशी, नाव घेऊन, मुद्द्याला धरून प्रत्युत्तर द्यावे. आपले लिहिलेले कोणी वाचत नाही अशी मुलांची एकदा खात्री पटली की पुढे काहीही केले तरी ती लिहीत नाहीत.

निवृत्त_मास्तर
सहा मिनिटांत परिव्यय लेखांकन? मग पदवीही सहा महिन्यांत देऊन टाकावी.

मांडवीकाठ
मास्तर, तो अभ्यास मुले किती वेळ पाहतात याचा होता, किती शिकतात याचा नव्हता. तेवढी आपली शंका रास्त आहे. म्हणून घटक कमी करायचा नाही, तासाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यानंतर एक उदाहरण सोडवायला द्यायचे. गुणांनाही माझा विरोध नाही, पण ते थोडेच असावेत आणि प्रश्न सुधारल्यावर द्यावेत.

खडूफळा
खाज्याचा प्रश्न उद्याच टाकतो. मात्र आता चाचणी म्हणून विद्यार्थ्याच्या खात्यातून उत्तर दिले, तरी इतरांची उत्तरे दिसली नाहीत. हा प्रकार बिघडलेला आहे का?

मांडवीकाठ
बिघाड नाही. उत्तर दुरुस्त करण्याची मुदत संपल्यावरच इतरांची उत्तरे खुली होतात, आणि ती मुदत सहसा 30 मिनिटांची असते. ती बदलायची झाल्यास महाविद्यालयाच्या मूडल प्रशासकाला सांगावे लागेल, कारण ती संपूर्ण संकेतस्थळासाठी एकच असते.