डायफ्रॅमची सोनोग्राफी दुसऱ्यांदा केली तर आकडा कमी आला, ट्रेनिंग वाया गेलं का?

लातूरचा_फिजिओ
नमस्कार मंडळी. लातूरला माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे, तीन वर्षं झाली. एक पेशंट दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून इथं लिहायलोय. वय 58, डाळ मिलमध्ये हमाली करायचे, औशाहून एसटीने येतात. न्यूमोनिया होऊन 11 दिवस व्हेंटिलेटरवर होते, घरी आल्यावर एसटीची पायरी चढून सीटवर बसले की पाच मिनिटं तोंडातून शब्द फुटायचा नाही. मी थ्रेशोल्ड डिव्हाइसवर (ठरावीक जोर लावून ओढल्याशिवाय हवा आत येऊ न देणारं उपकरण) श्वासाचं ट्रेनिंग चालू केलं, 10 सेंटिमीटर पाण्याचा लोड, सकाळी 30 श्वास संध्याकाळी 30. तोंडाने ओढायचं प्रेशर म्हणजे एमआयपी सुरुवातीला 32 होता, तीन आठवड्यांनी 46 आला. मला लई बरं वाटलं. पण त्यांच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पडद्याची, म्हणजे डायफ्रॅमची (छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा स्नायू) सोनोग्राफी करून घेतलेली, उजवी बाजू, श्वास सोडल्यावर जाडी 1.8 मिलिमीटर आणि घेतल्यावर 2.4, म्हणजे थिकनिंग फ्रॅक्शन (श्वास घेताना पडदा किती टक्क्यांनी जाड होतो ते) 33 टक्के. परवा परत केली तर 2.1 आणि 2.5, म्हणजे 19 टक्के! पेशंटचं, आम्ही त्यांना मामा म्हणतो, तोंडच उतरलं, म्हणाले "एवढं ओढून ओढून काय उपयोग झाला सर". मी काय सांगू त्यांना? खरं कोणतं धरायचं?

सोनोवाला_संभाजीनगर
आधी एवढं सांगा, दोन्ही वेळा मामा झोपून होते का बसून, श्वास साधा घ्यायला लावला का पूर्ण जोर लावून, आणि प्रोब धरणारा माणूस तोच होता का?

लातूरचा_फिजिओ
सर आत्ताच फोन करून विचारलं. पहिल्यांदा पलंगाचं डोकं वर करून, खोल श्वास. दुसऱ्यांदा स्टुलावर बसवून, साधा श्वास. डॉक्टर पण वेगळे, पहिले सुट्टीवर होते.

सोनोवाला_संभाजीनगर
मग हे दोन आकडे शेजारी मांडूच नका. पडद्याचा स्नायू जेवढा जोरात आकसतो तेवढा जाड दिसतो, त्यामुळे साध्या श्वासाचा 19 आणि खोल श्वासाचा 33 ही तुलनाच होत नाही. 20 टक्क्यांच्या खाली असलं की पडदा लुळा असल्याची शंका घेतात खरी, पण ती पूर्ण जोर लावून घेतलेल्या श्वासाला लागू, स्टुलावर निवांत बसलेल्या माणसाला नाही. मामांना हे आजच सांगा.

दुसरं म्हणजे आपण किती बारीक गोष्ट मोजतोय ते बघा. 7 ते 15 मेगाहर्ट्झचा सपाट लिनियर प्रोब काखेखाली आठव्या ते दहाव्या बरगडीच्या मधे उभा ठेवायचा, जिथं पडदा बरगड्यांना आतून चिकटलेला असतो. दोन पांढऱ्या रेषा दिसतात आणि त्यांच्या मधला काळसर पट्टा म्हणजे स्नायू. पहिल्या रिपोर्टमधला तो 1.8 खरा 1.9 असता तर तुमचे 33 टक्के सरळ 26 वर आले असते. 0.1 मिलिमीटर! कर्सर रेषेच्या आत ठेवला का रेषेवर, एवढ्यानेच फरक पडतो. म्हणून मी पहिल्या दिवशी कातडीवर पेनाने खूण करतो, बरगडी आणि पेशंटची पोझिशन रिपोर्टमध्ये लिहितो आणि तीन-चार श्वासांची सरासरी घेतो.

पडदा खालीवर किती सरकतो ते बघायचं असेल तर पोटाचा प्रोब बरगडीच्या कडेखालून यकृताच्या आडून एम-मोडवर (एका रेषेवरची हालचाल वेळेनुसार दाखवणारा मोड) लावायचा. साध्या श्वासाला दीड-दोन सेंटिमीटर, खोल श्वासाला बायकांत साधारण पावणेसहा आणि पुरुषांत सात. पण सरकणं म्हणजे ताकद नव्हे. व्हेंटिलेटर हवा ढकलत असला तर पडदा स्वतः काहीच न करता सरकतो. डाव्या बाजूला जठरातला गॅस आडवा येतो, तिकडे फार जीव काढू नका.

नांदेडकर_श्वास
मीही फिजिओच, आयसीयूत काम करते. दादा, मला सोनोग्राफीपेक्षा तुमच्या लोडची काळजी वाटायली. 32 च्या 30 टक्के म्हणजे साधारण 10, सुरुवात अगदी बरोबर. पण एमआयपी 46 झाला तरी लोड 10 वरच का? आता तर 30 टक्केच 14 होतात, दर आठवड्याला मोजून वाढवायचा आणि सहन झाला तर 50 टक्क्यांपर्यंत नेतात. रोज तेच पोतं उचललं तर हमालाची ताकद वाढत नाही, हे मामांना तुमच्याआधी कळेल बघा.

आणि 11 दिवस व्हेंटिलेटर म्हणजे कमी नाही. 2008 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात 18 ते 69 तास पूर्ण व्हेंटिलेटरवर असलेल्यांच्या पडद्याचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले सापडले होते. तीन दिवसांपेक्षा कमी वेळात! गेलेली जाडी तीन आठवड्यांत मिलिमीटरमध्ये दिसावी अशी घाई करू नका, आधी प्रेशर वाढतं. स्वतः मशीन घ्यायचा विचार असेल तर थांबा, पीसीपीएनडीटी कायद्यात (गर्भलिंग निदान रोखणारा कायदा) नोंदणी नसलेल्या ठिकाणी सोनोग्राफीचं मशीन विकताच येत नाही, फिजिओच्या क्लिनिकला तो मार्ग नाही. रेडिओलॉजिस्टच्या शेजारी उभं राहून शिकायचं, मी तसंच शिकले.

परभणीची_लेक
मी डॉक्टर नाही, पण माझ्या आईला चुलीच्या धुराने सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) झालाय म्हणून वाचायले. आम्ही सहा महिने तीन बॉलवाल्या स्पायरोमीटरला ट्रेनिंगच समजत होतो. आणि तिच्या रिपोर्टमध्ये पडदा कमी हलतो असं आलंय, म्हणजे अजून बिघडलं का?

नांदेडकर_श्वास
ताई, तीन बॉलवालं खोल श्वासाची सवय लावायला चांगलं आहे, पण त्यात ठरावीक लोड नसतो, ते वेगळं. आणि सीओपीडीत फुफ्फुसं हवेने फुगून पडदा खाली दाबून सपाट करतात, त्याला हलायला जागाच कमी उरते. तेवढ्यावरून बिघडलं म्हणता येत नाही. आईंना आधीपेक्षा किती चालता येतं आणि एमआयपी किती, हे त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारा, लोडचं डिव्हाइसही त्यांना विचारूनच.

लातूरचा_फिजिओ
लोडचं माझंच चुकलं, आज 14 केला. मामांनी 22 श्वास नीट घेतले, मग थांबून राहिलेले 8. पहिल्या डॉक्टरांशी बोललो, ते गुरुवारी परत येणारेत, पलंगाचं डोकं तेवढंच वर, खोल श्वास, कातडीवर खूण, सगळं पहिल्यासारखं करून देतो म्हणाले. रिपोर्टचं मामांना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, काल औशाच्या स्टँडवर एसटीत चढलो आणि लगेच कंडक्टरला तिकीट मागितलं. हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.