मदत हवी आहे: मुंबईत गाडीच्या विम्याचा हप्ता १४,९५० वरून २१,०८२ वर, कुठे कापता येईल?

गल्लीबोळ
गाडी पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, ऑक्टोबर २०२० ची, नोंदणी मुंबईची. वर्षाला जेमतेम ५,००० किमी चालते. पार्किंग इमारतीखाली उघड्यावर, आणि पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी. मार्चमध्ये बंपरचा ६,४०० रुपयांचा क्लेम घेतला, त्याआधी एकही नाही. आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ४.२ लाख.

एजंटने पाठवलेला हिशेब: ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) ७,६००, झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) २,९००, इंजिन प्रोटेक्ट १,१००, कन्झ्युमेबल्स (ऑइल, नट-बोल्ट वगैरे) ६००, टायर १,३००, चावी ४००, रोडसाइड २००, थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) ३,४१६, मालक-चालक अपघात विमा ३५०. वर १८% जीएसटी. मुदत २३ दिवसांनी संपते. स्कूटरही माझ्याच नावावर आहे. आयडीव्ही कमी करून घेऊ का?

पानापक्कड
आयडीव्हीला हात लावू नका, त्याचं कारण खाली लिहितो. आधी वाढ कुठून आली ते बघा.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. १००० ते १५०० सीसीला ३,४१६ हा दर १ जून २०२२ पासूनचा आहे आणि कुठल्याही कंपनीत तेवढाच. तिथे घासाघीस नाही. खरा फटका बंपरचा आहे. मागच्या वर्षी तुम्हाला ४५% नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल ओडीवर मिळणारी सूट) असणार, यंदा ५०% झाला असता. क्लेममुळे तो शून्यावर आला. म्हणजे ३,८०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याच वर्षी गेला.

आणि हे एका वर्षात संपत नाही. पुढची शिडी २०, २५, ३५, ४५, ५० अशी पुन्हा चढावी लागते. ५०% शी तुलना केली तर पाच वर्षांत ओडीच्या ५० + ३० + २५ + १५ + ५, म्हणजे १२५% इतका बोनस बुडतो. ओडी दरवर्षी थोडा उतरतो असं धरलं तरी जीएसटीसकट दहाएक हजार होतात, ६,४०० च्या क्लेमसाठी. यापुढे गॅरेजचं एस्टिमेट आधी घ्यायचं आणि ते दहा हजारांच्या आत असेल तर खिशातून भरायचं.

एकदा हे ठरवलंत की व्हॉलंटरी डिडक्टिबल (प्रत्येक क्लेममध्ये स्वतःहून सोसायची रक्कम) फुकट पडल्यासारखा आहे. विम्याच्या जुन्या टॅरिफच्या (दरांच्या) तक्त्यात ५,००० ला ओडीवर २५% सूट, पण कमाल १,५००. १५,००० घेतला तर सूट फार तर २,५००, म्हणजे आणखी दहा हजारांची जोखीम फक्त हजार रुपयांसाठी. ५,००० वर थांबा. सक्तीच्या डिडक्टिबलचे १,००० यात धरलेले नाहीत, ते वेगळे कापले जातात.

सर्व्हेनोंद
आयडीव्हीबद्दल. ४.२ वरून ३.६ लाख केलीत तर ओडी अंदाजे हजार-अकराशेने उतरेल. पण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५% च्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. ही रेषा ३.१५ लाखांवरून २.७ लाखांवर येते आणि हातात पडणारे पैसे ६०,००० ने कमी होतात. पाणी शिरलेल्या गाडीत वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक), सीट, एअरबॅग धरून बिल त्या रेषेपर्यंत सहज जातं.

त्याच कारणाने इंजिन प्रोटेक्ट ठेवाच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू केली तर पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं, पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ पॉलिसीत हे परिणामस्वरूप नुकसान म्हणून नाकारलं जातं. प्रोटेक्ट असला तरी स्टार्टर मारायचा नाही, पुश-स्टार्टही नाही. जमलं तर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, पाण्याच्या पातळीचे फोटो घ्या, कंपनीला कळवा आणि फ्लॅटबेडवर गाडी न्या.

झिरो डेपही राहू द्या. तो नसेल तर प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५०% कपात होते, आणि शहरात ठोकर लागते ती बंपर आणि दिव्यांनाच. टायर, चावी आणि कन्झ्युमेबल्स मात्र काढा. टायर कव्हरमध्ये साधं पंक्चर सहसा नसतं, आणि किती टक्के मिळणार ते उरलेल्या नक्षीवर ठरतं. पाच वर्षं जुन्या टायरवर काय मिळणार? स्कूटरच्या पॉलिसीत १५ लाखांचा मालक-चालक विमा असेल तर इथले ३५० पुन्हा भरायचे नाहीत, घोषणापत्र द्यायचं.

गल्लीबोळ
स्कूटरच्या पॉलिसीत आहे, पाहिलं. एकाने सुचवलं की नोंदणी साताऱ्याला हलवली तर विमा दराचा झोन बदलतो. खरं का?

पानापक्कड
झोन बदलतो हे खरं, पण त्यात राम नाही. मुंबई-पुणे झोन ए मध्ये, सातारा झोन बी मध्ये. पाच ते दहा वर्षांच्या तुमच्या सीसीच्या गाडीला मूळ दर ३.४४७% आणि ३.३५१%. ४.२ लाखांवर फरक ४०३ रुपये, कंपनीची सूट धरली तर दोनेकशे. त्यासाठी एनओसी आणि पत्ताबदलाचे हेलपाटे कशाला? शिवाय राहता एकीकडे आणि पत्ता दुसरीकडे दाखवलात तर क्लेमच्या वेळी प्रश्न निघतो.

एजंट ‘बोनस लावून देतो’ म्हणाला तर स्पष्ट नाही म्हणा. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करते. खोटा बोनस निघाला तर ऐन क्लेमच्या वेळी पैसे अडकतात.

५,००० किमीला किलोमीटरवर आधारित ओडीचे कोटेशनही मागा, जुलै २०२२ पासून विमा नियामक आयआरडीएआयने त्याला मुभा दिली आहे. टप्पा संपत आला की टॉप-अप कसा घ्यायचा आणि ओलांडला तर काय होतं, हे पॉलिसीच्या शब्दांत वाचून घ्या.

सर्व्हेनोंद
एजंटला असं लिहा: आयडीव्ही ४.२ लाख तशीच, डिडक्टिबल ५,०००, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट ठेवून बाकी ॲड-ऑन (जादा कव्हर) काढा, मालक-चालक विमा नको. हिशेब: ६,१०० + २,९०० + १,१०० + ३,४१६ = १३,५१६, जीएसटीसकट साधारण १५,९५०. रोडसाइड कार कंपनीकडून मिळत नसेल तर त्याचे २०० परत धरा. हाच मजकूर आणखी दोन-तीन कंपन्यांना पाठवा. झिरो डेप पाच वर्षांनंतर सगळेच देत नाहीत, तो आधी विचारा. मुदत संपायच्या आत पैसे भरा. खंड पडला तर गाडीची तपासणी होईपर्यंत ओडी सुरू होत नाही, आणि बिनविम्याची गाडी रस्त्यावर पकडली तर पहिल्यांदा २,००० दंड आहे.