पिलो वापरून फोटोची तारीख आणि जीपीएस काढायचंय, तारीख 'नन' येतेय, मदत हवी आहे

राम राम मंडळी,

आधीच सांगतो मी प्रोग्रामर नाही. हिशोबनिसाची नोकरी, लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर बघून बघून पायथॉन शिकलो तेवढंच, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आणि मोबाईलवरून लिहितोय, सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा, म्हणून कोडमधली नावंही देवनागरीतच ठोकतोय.

आम्ही पाच-सहा मित्र २०१४ पासून जुन्नर, आंबेगाव, अकोले ह्या पट्ट्यातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड) शोधत फिरतो. मारुतीच्या देवळामागे, पाराखाली, कधी कुणाच्या गोठ्याच्या भिंतीत चिणलेले, जिथे सापडतील तिथे फोटो काढायचे, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, वहीत टिपायचं. असं करता करता हार्डडिस्कवर साडेसहा हजार फोटो साठलेत आणि आता कुठला दगड कुठल्या गावचा हेच आठवेना, वह्या दोन पावसात भिजल्या त्या वेगळ्याच. म्हणून म्हटलं फोटोच्या आतच तारीख, वेळ, ठिकाण असतं ना, ते सगळं काढून एक सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी) बनवू आणि नकाशावर टाकू. वेळ का हवी, तर झिजलेलं कोरीवकाम डोक्यावरच्या उन्हात दिसतच नाही, सकाळी नाहीतर संध्याकाळी ऊन तिरपं पडलं की मगच घोडा, ढाल, शिवलिंग सगळं उठून दिसतं. (काही लोक नक्षी दिसावी म्हणून दगडाला चुना नाहीतर पीठ फासतात, कृपया असं करू नका.) तर कुठल्या दगडाचा कुठल्या वेळचा फोटो चांगला आला हे कळलं तर उरलेल्या ठिकाणी तसंच जाता येईल.

आता अडचण. पिलोमध्ये (पायथॉनची फोटो हाताळायची लायब्ररी) इमेज.ओपन करतो, मग गेटएक्झिफ. टॅग (माहितीच्या रकान्याचा क्रमांक) ३६८६७ म्हणजे फोटो काढल्याची मूळ तारीख असं वाचलं होतं, तर गेट(३६८६७) केलं की 'नन', म्हणजे काहीच नाही. हाच फोटो कॉम्प्युटरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या तर तारीख व्यवस्थित दिसते! ३०६ मागितला तर तारीख मिळते, पण ज्या फोटोंचा उजेड मी नंतर सॉफ्टवेअरमध्ये वाढवला त्यांना त्या एडिटिंगची तारीख येतेय, तीन वर्षांनंतरची. आणि ३४८५३, जीपीएसचा म्हणतात तो, त्यात अक्षांश-रेखांश यायच्या ऐवजी २०८४ असा एक आकडा येतो, पुढच्या फोटोला दुसराच आकडा. हा काय प्रकार आहे? दोन रात्री घालवल्या, बायको म्हणते दगड बरे होते.

सुतारपक्षी

दादा, तुमचा कोड बरोबर आहे, फक्त तुम्ही चुकीच्या खणात शोधताय. एक्झिफ, म्हणजे फोटोच्या आत लपलेली ही माहिती, एकच सपाट यादी नसते. जेपेगच्या सुरुवातीला एक तुकडा असतो त्यात टिफसारखी रचना असते, आणि त्या रचनेत कपाटासारखे खण, त्यांना आयएफडी म्हणतात. सगळ्यात वरच्या खणात कॅमेऱ्याची कंपनी (२७१), मॉडेल (२७२), फोटो कुठल्या बाजूने धरला होता (२७४) आणि फाईल शेवटची कधी बदलली (३०६) एवढंच. मूळ तारीख, शटर, आयएसओ हे आतल्या खणात, आणि जीपीएसचा खण आणखी वेगळा. वरच्या खणात फक्त दोन चिठ्ठ्या आहेत, ३४६६५ आणि ३४८५३, त्यावर आतला खण कितव्या बाईटपासून सुरू होतो ते लिहिलंय. तुमचा २०८४ म्हणजे तो पत्ता, माल नव्हे.

गेटएक्झिफ फक्त वरचा खण उघडतं. त्यावर गेट_आयएफडी(३४६६५) करा आणि जे मिळेल त्यातून ३६८६७ घ्या. जीपीएसला गेट_आयएफडी(३४८५३).

नेटवर जुनी उत्तरं सापडतील ज्यात गेटएक्झिफच्या आधी अंडरस्कोअर लावलाय. त्यात सगळे खण एकत्र ओतून मिळतात म्हणून लोकांना ते सोपं वाटतं, पण ते लायब्ररीच्या आतल्या वापराचं आहे, सगळ्या फॉरमॅटला चालत नाही. नादी लागू नका.

अजून एक, तारीख २०१९:०८:११ अशी येईल, मधे डॅश नाही, कोलन. पायथॉनच्या स्ट्रपटाईमला (तारीख वाचणारं फंक्शन) तसाच साचा द्या नाहीतर पुन्हा रात्र जाईल.

धागाकर्ता

अहो चाललं!!! तारखा आल्या. दोन रात्रीचं काम दोन ओळीत. ओतूर-जुन्नरकडे आलात तर मिसळ माझ्याकडून.

पण आता नकाशाचं. चाचणीला शिवनेरीच्या पायऱ्यांवरचा एक फोटो घेतला कारण ती जागा मला डोळे झाकून माहीत आहे. तर नकाशावर ठिपका पडला भीमाशंकरच्या जरा उत्तरेला, जंगलात. दुसरा फोटोही असाच पश्चिमेला सरकला. सगळे वीरगळ कोकणाकडे निघालेत. फोनचं जीपीएस इतकं चुकतं का? डोंगरामुळे असेल का?

कोकणी_कोंबडी

वीरांना पण समुद्र बघायचा असेल हो 😄

डोंगराने चुकतं, पण थोडंफार. तुमचं चुकलंय ते सगळ्यांचं एकाच बाजूला, म्हणजे हिशोबात आहे. जीपीएसच्या खणातून नेमकं काय येतंय ते आणि तुम्ही त्याचं काय करताय ते टाका बघू.

धागाकर्ता

टॅग २ मध्ये (१९.०, ११.०, ५६.०) आणि टॅग ४ मध्ये (७३.०, ५१.०, ३४.०). मी ते जोडून १९.११५६ आणि ७३.५१३४ केलं.

कोकणी_कोंबडी

अहो हिशोबनीस!! ते अंश, मिनिटं, सेकंद आहेत. साडेपाच वाजले की तुम्ही ५.३० तास धरून पगार काढता का? मिनिटाला ६० ने भागा, सेकंदाला ३६०० ने, मग अंशात मिळवा. १९.१९८९ आणि ७३.८५९४ येतं, ते बरोबर शिवनेरी. तुमच्या जोडकामाने ठिपका साधारण पस्तीस-छत्तीस किलोमीटर पश्चिमेला गेला.

टॅग १ आणि ३ पण वाचा, त्यात उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम असतं. आपल्याकडे कायम उत्तर आणि पूर्व म्हणून फरक पडत नाही, पण उद्या कुणी ऑस्ट्रेलियातला भाचा फोटो पाठवेल आणि तो जपान-चीनकडे पडेल. आणि काही फोन सिग्नल नसला की रकान्यात नुसते शून्य भरून ठेवतात, ते ठिपके आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात शून्य-शून्यवर जमतात, ते गाळा. अपूर्णांकाचा छेद शून्य असला तर पिलो 'नॅन' (आकडाच नाही) देतं, तेही तपासा.

धागाकर्ता

😳 पंधरा वर्षं आकडे जुळवतोय आणि हे केलं. ऑफिसात कुणाला सांगू नका.

ठिपके जागेवर आले. एकच शंका, जीपीएसच्या खणात पण वेळ आहे, टॅग ७. नाणेघाटातला एक फोटो मूळ तारखेप्रमाणे सकाळी ६:४० चा आहे, आणि जीपीएसची वेळ म्हणते १:१०. रात्री एक वाजता आम्ही तंबूत घोरत होतो.

सुतारपक्षी

जीपीएसची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते, भारताच्या साडेपाच तास मागे. ६:४० उणे ५:३० म्हणजे १:१०, चोख. उलट ह्याचा फायदा करून घ्या, मूळ तारखेत फोनचं किंवा कॅमेऱ्याचं घड्याळ जे सांगेल तेच लिहिलं जातं आणि टाईमझोन बऱ्याचदा नसतोच (त्याचा वेगळा टॅग आहे ३६८८१, तो २०१६ च्या एक्झिफ २.३१ मध्ये आला, म्हणून जुन्या फोटोंत सापडायचा नाही). ज्या फोटोत दोन्ही वेळा आहेत त्यात फरक साडेपाच तासांचा येतोय का बघा, नसेल तर त्या कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं होतं आणि त्याच्या सगळ्या फोटोंना तेवढी दुरुस्ती लावता येईल. तिरप्या उन्हाचं तुमचं गणित ह्यावरच उभं आहे ना.

पडवीतला_म्हातारा

एवढं कशाला दमताय? एक्झिफटूल, म्हणजे फोटोतली ही माहिती वाचणारा तयार प्रोग्राम, उतरवून घ्या. फिल हार्वी नावाच्या गृहस्थाने २००३ पासून सांभाळलेलं आहे, पर्लमध्ये लिहिलेलं, फुकट. कमांडमध्ये वजा सीएसव्ही, वजा आर (आतले फोल्डरही धुंडाळायला), वजा एन (अंश-मिनिटांऐवजी सरळ दशांश), हवे ते टॅग आणि फोल्डरचं नाव, झाली यादी. आमच्या वेळी कोड शिकायची हौस भागवायला काम शोधावं लागायचं, तुमच्याकडे काम आहे तर ते संपवा. हौस असेल तर पायथॉनमधूनही त्याला हाक मारता येते, फक्त दर फोटोला नव्याने सुरू करू नका, साडेसहा हजार वेळा सुरू-बंद करण्यात दुपार जाईल.

धागाकर्ता

काका धन्यवाद, ते पण करून बघतो, पण आता पायथॉनचं इथवर आणलंय तर सोडवत नाही. सीएसव्ही तयार झाली, फक्त एक्सेलमध्ये फोल्डरची मराठी नावं चित्रविचित्र दिसतायत.

सुतारपक्षी

फाईल लिहिताना एन्कोडिंग नुसतं यूटीएफ-८ न देता यूटीएफ-८-सिग द्या. सुरुवातीला तीन बाईटची खूण पडते, मग एक्सेलला कळतं.

गोदाकाठची

मधेच बोलते, राग मानू नका. हा नकाशा सगळ्यांसाठी खुला करणार आहात का? बरेच वीरगळ नुसते मातीत उभे असतात, कुणाची राखण नाही. सातव्या दशांशापर्यंतचे अक्षांश-रेखांश जगाला दिले तर अभ्यासकांच्या आधी दगड विकणारे पोचतील. बाहेर द्यायच्या यादीत दोनच दशांश ठेवा, म्हणजे साधारण एक किलोमीटरची मोघम जागा कळते, गाव समजतं, दगड नाही. नेमकी यादी स्वतःकडे. आणि फोटो वेबसाईटवर चढवाल तर त्यांच्या आतलाही जीपीएस काढून टाका, नाहीतर यादी झाकून काय उपयोग, फोटोच सगळं बोलतो.

धागाकर्ता

ताई राग कसला, हे डोक्यातच नव्हतं आलं. गावातले लोक आम्हाला विश्वासाने दाखवतात. दोन दशांशच ठेवतो.

आता शेवटची कबुली. साडेसहा हजारातल्या अंदाजे दोन हजार फोटोंत काहीच सापडत नाहीये, ना तारीख ना ठिकाण, आणि त्यातले निम्मे फोटो आडवे झालेत. म्हणजे उभा वीरगळ कुशीवर झोपलेला. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतोच पण इथे अप्सरांसकट सगळेच आडवे. हे कसं झालं?

सुतारपक्षी

हे फोटो मधे कधी लहान केले होते का? पिलोनेच?

धागाकर्ता

हो... डिस्क भरली म्हणून २०२२ मध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, रिसाईझ करून त्याच नावाने सेव्ह. माझी पहिलीच स्क्रिप्ट, फार अभिमान होता तिचा.

सुतारपक्षी

अरेरे. सेव्ह करताना एक्झिफ हातात दिलं नाही तर पिलो ते नव्या फाईलमध्ये लिहीत नाही. आणि फोन उभा धरून काढला तरी बऱ्याच फोनांत चित्र आडवंच साठवलं जातं, सोबत टॅग २७४ मध्ये ६ लिहितात, म्हणजे 'दाखवताना उजवीकडे ९० अंश फिरवा'. ती खूणच गेली म्हणून वीर झोपले. पुढच्या वेळी रिसाईझच्या आधी इमेजऑप्समधलं एक्झिफ_ट्रान्सपोज चालवा आणि सेव्हला एक्झिफ द्या. झालेल्या दोन हजारांना मात्र लायब्ररीकडे इलाज नाही, जे फाईलमध्ये नाही ते काढणार कुठून. मित्रांच्या फोनमध्ये मूळ फोटो असतील तर मागवा, पण व्हॉट्सअपवर फोटो म्हणून नको, त्यातही हे सगळं गळून पडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर सरळ पेनड्राईव्ह.

धागाकर्ता

एका मित्राकडे २०१४ ते १९ ची जुनी डिस्क आहे म्हणतो, माळ्यावर, चालते का माहीत नाही. रविवारी ओतूरला जातोय. दुसऱ्या एकाचा आयफोन आहे, त्याचे फोटो हाईक फॉरमॅटमधले, ते पिलो उघडतच नाही. त्याला पण काही युक्ती आहे का?

कोकणी_कोंबडी

पिलो-हाईफ नावाचं पॅकेज टाका आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला रजिस्टर_हाईफ_ओपनर एकदा चालवा, मग तुमचा तोच कोड चालेल. आणि ह्या वेळी मूळ फाईलवर सेव्ह करू नका हो, वेगळा फोल्डर करा!

धागाकर्ता

केला. फोल्डरचं नाव 'हात लावू नये'.