रिमोटचा दिवा लागतोय, पण कीलेस गाडी उघडत नाही. गाडी तळघरात अडकली आहे, काय करू?

कासारवडवलीकर:

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला कासारवडवलीत आमची सोसायटी आहे. गाडी दुसऱ्या तळघरात असते. पेट्रोलची, ऑटोमॅटिक, बटण दाबून सुरू होणारी. गणपतीला सासूबाई, मुलगी आणि मी मांडवीने कुडाळला गेलो होतो. गौरी-गणपती झाल्यावर सासूबाईंच्या माहेरीही राहणं झालं, त्यामुळे गाडी पंधरा-वीस दिवस जागची हललेली नाही.

आज सकाळी खाली गेले तर दार उघडेना. हँडलवरचं काळं बटण दाबलं, काही नाही. आरसे उघडले नाहीत, इंडिकेटर लुकलुकले नाहीत, कुलुपाचा नेहमीचा 'खट्' आवाजही नाही. रिमोटचं बटण दाबलं की त्यावरचा बारीक लाल दिवा मात्र लागतो. कपाटातली दुसरी चावी आणली, तिचंही तेच. तळघरात मोबाईलला रेंज नाही म्हणून गेटपाशी जाऊन ॲप उघडलं, तर ते गाडी 'ऑफलाइन' दाखवतंय.

रिमोटच्या बाजूची खिटी सरकवली की आतून छोटी लोखंडी चावी निघते, ती काढली. पण लावायची कुठे? चारही हँडलं टॉर्च मारून बघितली, चावीचं भोक एकालाही नाही. डिकीसुद्धा बटणावरच उघडते.

कापूरबावडीहून एक चावीवाले येऊन गेले. म्हणाले, काचेच्या वरच्या फटीत पाचर घालतो आणि सळईने आतलं अनलॉकचं बटण दाबतो. मी त्यांना तूर्त थांबायला सांगितलंय. शेजारचे काका म्हणतात मागची छोटी काच फोड, स्वस्तात पडेल. नवरा जहाजावर आहे, त्याचा फोन लागत नाही.

घाईचं कारण असं की परवा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्यांची फाइल, साखरेचे जुने रिपोर्ट, सगळं मागच्या सीटवर आहे, काचेतून दिसतंय. गाडीचं नुकसान न करता दार कसं उघडेल? ज्यांना खरोखर माहीत आहे त्यांनीच सांगा, प्लीज.

तुर्भे गॅरेजवाला:

ताई, गाडीची बॅटरी बसलीय. रिमोटचा सेल नाही, बॉनेटखालची १२ व्होल्टची मोठी बॅटरी. रिमोटचा दिवा लागतो म्हणजे त्याचा सेल शाबूत आहे. आणि दोन रिमोट एकाच दिवशी मरत नाहीत.

कीलेस गाडीत रिमोट आणि गाडी, दोघांनाही वीज लागते. हँडलचं बटण दाबलं की गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झवर रिमोटला हाक मारते. ती जेमतेम मीटरभर पोचते, म्हणून चावी खिशात घेऊन जवळ उभं राहावं लागतं. रिमोट ती ऐकून ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देतो. गाडीच निपचित पडली असेल तर हाक मारणार कोण? ॲपचंही तेच, गाडीतल्या सिमला वीज मिळत नाहीये.

चावीवाल्याला थांबवलंत ते फार बरं केलंत. त्याने सळईने अनलॉकचं बटण दाबलं तरी कुलूप उघडणार नाही, कारण त्या बटणालाही वीज लागते. मग तो आतलं हँडल ओढायला जाईल, त्यात काचेचं रबर फाटेल, दाराची वरची चौकट वाकेल आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी आत येत राहील. अशा वाकलेल्या दारांच्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात.

आता भोकाबद्दल. भोक आहे, झाकलेलं आहे. ड्रायव्हरच्या दाराचं हँडल नीट बघा. ओढायचा भाग हलतो, आणि त्याच्या मागच्या टोकाला, म्हणजे मागच्या दाराच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा हलत नाही. तो गाडीच्याच रंगाचा असतो, म्हणून नजरेत येत नाही. ती प्लॅस्टिकची टोपी आहे. खालून बोट फिरवलं की बारीक खाच लागेल. आजूबाजूच्या रंगावर कागदी टेप चिकटवा, हँडल एका हाताने बाहेर ओढून धरा, लोखंडी चावीचं टोक खाचेत घालून टोपी हळूच उचला. ती सुटून पडेल, खाली कपडा धरा. काही गाड्यांमध्ये हँडल न ओढताही निघते. तुमच्या गाडीचं नक्की कसं ते मॅन्युअलमध्ये 'इमर्जन्सी की' या नावाखाली मिळेल, कंपनीच्या साइटवर मॅन्युअल असतं.

हे कुलूप गाडी घेतल्यापासून कधी फिरवलेलंच नसतं, त्यामुळे जाम लागेल. चावी पूर्ण आत जाऊ द्या, मगच फिरवा. फिरली नाही तर आधी जरा डब्ल्यूडी-४० (जाम सोडवणारा स्प्रे) मारा. पक्कड लावू नका, चावी पातळ असते, पिळवटते.

वाशीकर:

एवढा खटाटोप कशाला? विम्यात रोडसाइड असिस्टन्स असतो, फोन करा, गाडी उचलून नेतील. नवीन गाडीला हात लावूच नये.

तुर्भे गॅरेजवाला:

वाशीकर, फोन जरूर करावा, पण ती गाडी दुसऱ्या तळघरात आहे. उचलून नेणारा ट्रक रॅम्पवरूनच आत येणार नाही, छताची उंची पुरत नाही. शिवाय गियर 'पी'मध्ये, म्हणजे पार्कमध्ये, अडकलेला, हँडब्रेक बटणाचा असेल तर तोही लागलेला. चारही चाकं धरून बसलेली गाडी ओढली तर गियरबॉक्सची वाट लागते. म्हणून ताई, फोन करताना 'गाडी बंद पडली' एवढंच सांगू नका. 'तळघरात आहे, बॅटरी उतरलीय, जंपस्टार्टवाला माणूस पाठवा' असं स्पष्ट सांगा. तो बाहेरून वीज देऊन गाडी सुरू करणारा छोटा बूस्टर दुचाकीवर घेऊन येतो.

नौपाड्याची मीनल:

हीच गोष्ट उलट बाजूने माझ्या बाबांच्या बाबतीत झाली, म्हणून लिहिते. गडकरी रंगायतनला नाटकाला गेलो होतो, बाहेर आलो तर रिमोटचा दिवाच लागेना. म्हणजे आमच्याकडे रिमोटचा सेल गेला होता, गाडी ठणठणीत. लोखंडी चावीने दार उघडलं आणि भोंगा सुरू! तलावपाळीवरचे लोक वळून बघायला लागले, बाबा इतके गोंधळले की दार पुन्हा लावून बाजूला उभे राहिले. त्यांना कोणीतरी आधी सांगितलं असतं तर तो मनस्ताप टळला असता. लोखंडी चावीने उघडलं की भोंगा वाजू शकतो, घाबरायचं नाही. रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवायचा, ब्रेक दाबायचा, बटण दाबायचं. रिमोटमध्ये एक चिप असते, तिला सेल लागत नाही, बटणाच्या मागची कॉइल तिला तेवढ्यापुरती वीज पुरवते. गाडी सुरू झाली की भोंगा बंद. काही गाड्यांत चिपची जागा बटणाऐवजी कन्सोलमध्ये, म्हणजे पुढच्या दोन सीटच्या मधल्या भागात असते.

सेल बहुतेक सीआर२०३२ असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. पण रिमोट उघडून नंबर बघूनच घ्या, काहींना सीआर२४५० लागतो.

कासारवडवलीकर ताई, तुमच्या शेजारच्या काकांना सांगा, मागची छोटी काच स्वस्त वगैरे काही नसते. ती चिकटवलेली असते, बसवायचं काम मोठ्या काचेपेक्षा किचकट. फाइलसाठी काच फोडू नका.

खारघरची आई:

मीनलताईंशी सहमत, पण एक गोष्ट इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. आत मूल अडकलं असेल तर काचेचा विचार एक क्षणही करू नका. आमच्या सेक्टरमध्ये एका बाईंनी बाळाला सीटवर बांधलं, पर्स आत ठेवली, दार लावून पुढच्या बाजूला येईपर्यंत गाडी लॉक. रिमोट पर्समध्ये, मोबाईलला चिकटून. रिमोट मोबाईलजवळ किंवा स्टीलच्या डब्यात असेल तर गाडीला तो 'दिसत' नाही, आणि रिमोट आत असताना लॉक होऊ न देणारी सोय अशा वेळी दगा देते. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापते, लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. ११२ ला फोन लावायचा, आणि कोणी पोचण्याआधी मूल मलूल दिसलं तर त्याच्यापासून सर्वांत लांबच्या खिडकीची काच कोपऱ्यात मारून फोडायची. समोरची काच फोडायला जाऊ नका, तिला दोन थरांमध्ये पातळ पापुद्रा असतो, तडे जातात पण ती सुटत नाही. त्या दिवशी रिक्षावाल्या दादांनी पान्याने काच फोडली, बाळ सुखरूप आहे.

कासारवडवलीकर:

उघडली! टोपी सांगितली तिथेच होती. इतके दिवस रोज त्या हँडलला हात लावतेय, पण तिथे जोड आहे हे दिसलंच नव्हतं. खाच बोटाला लागली, टेप लावली, टोपी निघाली. खाली धुळीने माखलेलं चावीचं भोक. चावी पहिल्यांदा फिरलीच नाही. वॉचमनकाकांनी त्यांच्या केबिनमधून स्प्रे आणून दिला, मारून जरा वेळ थांबले, मग फिरली. आत दिवा नाही, काही नाही, पूर्ण अंधार. फाइल काढून आधी वर सासूबाईंच्या हातात दिली.

जंपस्टार्ट अजून केलेला नाही. माणूस संध्याकाळी येतोय. शेजाऱ्यांकडे केबल आहे, ते म्हणतात आत्ता करून टाकू. करू का? आणि बॅटरी अशी बसली कशी, गाडी अजून दोन वर्षांचीही नाही.

तुर्भे गॅरेजवाला:

शाब्बास ताई. केबलने करायचं तर क्रम चुकता कामा नये. लाल टोक तुमच्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं लाल त्यांच्या प्लसला, काळं त्यांच्या मायनसला, आणि शेवटचं काळं तुमच्या बॅटरीला नाही तर इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून. काढताना उलटा क्रम. आणि हे लक्षात ठेवा: वीज येताच गाडी जागी होते, भोंगा वाजू शकतो, दारं आपोआप लॉक होऊ शकतात. दोन्ही रिमोट गाडीबाहेर तुमच्याकडे हवेत आणि ड्रायव्हरचं दार उघडं हवं. तळघरात दोन इंजिनं चालवणार तर तळघराचे धूर बाहेर काढणारे पंखे सुरू करून घ्या. मनात शंका असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा, काही बिघडत नाही.

कारणाचं म्हणाल तर डॅशकॅम बसवलाय का? पार्किंगमध्येही रेकॉर्ड करणारा?

कासारवडवलीकर:

हो, दिवाळीत बसवून घेतला. तळघरात कोणीतरी बंपर घासून गेलं होतं म्हणून.

तुर्भे गॅरेजवाला:

मग तोच. फ्यूजमधून थेट वायर दिली असेल, तर गाडी बंद असतानाही तो खातच राहतो. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, १२ च्या खाली गेली की ती जवळपास रिकामी. डॅशकॅमच्या वायरिंग किटमध्ये 'कट-ऑफ' असतो, म्हणजे बॅटरी ठरवलेल्या व्होल्टपर्यंत उतरली की डॅशकॅम स्वतःहून बंद होतो. दुकानवाले बऱ्याचदा तो अगदी खाली ठेवतात. तो १२.२ च्या वर करून घ्या, आणि गावी जाताना डॅशकॅमची पिन सरळ काढून ठेवा. आणखी एक, रिमोट गाडीच्या अगदी जवळ टांगून ठेवू नका, काही गाड्या त्याच्या चाहुलीने सारख्या जाग्या होतात. तुमचं घर वर आहे, तो प्रश्न नाही. शेजाऱ्यांना 'पाच मिनिटं चालू करून ठेवा' असं सांगून जाल तर उपयोग शून्य. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवायला सांगा. एकदा तळाला गेलेली बॅटरी पूर्वीसारखी राहत नाही, ऑपरेशन झालं की लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर ताण देऊन तपासणी, करून घ्या.

ऐरोलीकर:

मधेच विचारतो. माझी इलेक्ट्रिक गाडी आहे. तिच्यात एवढी मोठी बॅटरी असते, मग हा प्रकार होणार नाही ना?

तुर्भे गॅरेजवाला:

होतो. दारं, दिवे, स्क्रीन, सगळं तिच्यातही छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतं. ती बसली तर खालची मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असूनही दार उघडत नाही. लोखंडी चावी आणि टोपी तुमच्या गाडीत कुठे आहे ते आजच बघून ठेवा. पण जंप देणं-घेणं मॅन्युअल वाचल्याशिवाय करू नका.

कासारवडवलीकर:

झाली सुरू. माणूस साडेसहाला आला, बूस्टर लावला, भोंगा वाजला, रिमोटने बंद झाला. खिडकीचं ऑटो बटण चालत नव्हतं, तर त्याने काच पूर्ण वर नेऊन बटण तसंच धरून ठेवायला लावलं, मग सुधारलं. मुलीला घेऊन गायमुखपर्यंत जाऊन आले. तरी परवा रिक्षानेच जाणार, बॅटरीची टेस्ट झाल्याशिवाय सासूबाईंना या गाडीत बसवणार नाही. तुर्भेवाले दादा, टेस्टला तुमच्याकडेच आणते, गॅरेज कुठल्या बाजूला ते निरोपात कळवा.