मदत हवी आहे: स्कॉटलंडमधल्या टॉवर हाऊसच्या आवाराला कायद्याचं संरक्षण कुठवर?

नमस्कार मंडळी,

युकेत जुनी घरं घेतलेले, आर्किटेक्चर किंवा पुरातत्त्वातले लोक इथे आहेत म्हणून विचारतोय. प्रकरण किचकट आहे, जरा धीर धरून वाचा.

स्कॉटलंडच्या बॉर्डर्स भागात आम्ही एक घर बघितलंय. मुळात तो शेतावरचा दगडी गोठा, नंतर कोणीतरी राहण्याजोगा करून घेतलेला. आमच्या वाट्याची पार्किंगची जागा मात्र शेजारच्या टॉवर हाऊसच्या आवारात येते. टॉवर हाऊस म्हणजे आपल्याकडची गढी उभी केली तर जशी दिसेल तसं: जाड भिंती, तळाला कमानीची खोली, वर एकावर एक मजले. भोवतीच्या तटबंदीच्या आवाराला बार्मकिन म्हणतात. धाड आली की कुळं आणि गुरं आत घ्यायची नि दार लावायचं. टॉवरमध्ये आजही एक कुटुंब राहतं.

गंमत बघा, एके काळी सक्ती आवाराचीच होती. पाचव्या जेम्सच्या कारकिर्दीत, १५३५ साली, संसदेने कायदा केला की सीमाभागात १०० पौंडांची जमीन असलेल्या प्रत्येकाने दगड-चुन्याचं बार्मकिन बांधावं, ६० बाय ६० फुटांचं, भिंत एक एल जाड आणि सहा एल उंच (एल म्हणजे साधारण ९४ सेंटिमीटर). आतला टॉवर? तो वाटलं तर बांधा! आज बरोबर उलटं दिसतं. स्कॉटलंडमधल्याच क्रेगीवार किल्ल्याचा टॉवर ठणठणीत आहे, पण तिथल्या आवाराच्या चार कोपऱ्यांच्या बुरुजांपैकी एकच उरलाय.

आमच्या इथे एका बाजूची भिंत पुरुषभर उंचीची शिल्लक आहे. तिच्यात एक जंगी (आतून मारा करायचं भोक) आहे, आणि सध्याच्या मालकाने त्या जंगीतून बागेचा पाण्याचा पाइप नेलाय. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टर जाईल एवढं खिंडार पाडलंय.

हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड या तिथल्या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर टॉवर 'ए' श्रेणीत लिस्टेड (संरक्षित इमारतींच्या यादीत) दिसतो. त्या वर्णनात बार्मकिनबद्दल अवाक्षर नाही. पण आवाराचा काही भाग वेगळाच 'शेड्यूल्ड मॉन्युमेंट' (संरक्षित पुरातन स्थळ) म्हणून नकाशावर लाल रेषेत आहे, आणि ती रेषा आमच्या पार्किंगला चाटून जाते. एजंट म्हणतो, "टॉवर लिस्टेड आहे, अंगण नाही." वकीलबाई अजून कागद बघतायत.

आम्हाला गाडीच्या चार्जरची केबल पुरायची आहे, भिंतीचे ढासळलेले दगड परत रचायचे आहेत आणि पुढेमागे खिडक्या बदलायच्या आहेत. यातल्या कशाला परवानगी लागेल? आणि आधीच्याने पाडलेलं खिंडार आमच्या गळ्यात येईल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

पेठकर:
शनिवारवाड्यापासून १०० मीटरात काहीही बांधता येत नाही, तसं तिकडे नाही का? तसं असेल तर चार्जर विसरा.

चुनखडी:
पेठकर, तो आपल्याकडचा २०१०च्या दुरुस्तीचा नियम. स्कॉटलंडमध्ये असं ठरावीक अंतर नसतं. वास्तूच्या परिसरावर काय परिणाम होतो ते प्लॅनिंगवाले प्रकरणागणिक बघतात.

धागाकर्ते, तुमच्याकडे दोन वेगळे कायदे एकाच अंगणात आलेत. शेड्यूलिंग १९७९च्या कायद्याखाली होतं आणि त्यात राहतं घर घेता येत नाही. बहुधा म्हणूनच टॉवर लिस्टेड आणि आवार शेड्यूल्ड अशी वाटणी झाली असावी. लाल रेषेच्या आत जमिनीखालचंही धरलं जातं. केबलचा चर तर सोडाच, पडलेले दगड रचणं हीसुद्धा दुरुस्तीच, तीही आधी संमती घेतल्याशिवाय करता येत नाही. ही संमती काउन्सिल (तिथली स्थानिक पालिका) देत नाही, थेट हिस्टॉरिक एन्व्हायरन्मेंट स्कॉटलंड देतं. माझं मत विचाराल तर केबल रेषेबाहेरून वळवा. चार मीटर जास्त लागली तरी परवडेल.

रेषेबाहेरच्या भागाला १९९७चा लिस्टिंगचा कायदा लागतो, आणि एजंटचं बोलणं तिथेच लंगडं पडतं. वर्णनात नाव नाही म्हणजे संरक्षण नाही, असं अजिबात नसतं. लिस्टेड इमारतीच्या आवारात १ जुलै १९४८च्या आधीपासून जमिनीचा भाग असलेलं बांधकाम आपोआप आत येऊ शकतं. ऑक्टोबर २०१५ पासून अमुक भाग वगळला असं नोंदीत स्पष्ट लिहिता येतं. तुमची नोंद जुनी असेल तर तसं काही नसणार.

आता जरा घाबरवतो: तुमचा गोठासुद्धा या व्याख्येत येऊ शकतो! मग खिडक्यांनाही संमती आली. जागेची रचना, मालकी आणि वापर, हे तिन्ही पूर्वी कसं होतं नि आता कसं आहे, यावर ते ठरतं. इंग्लंडमधल्या १९८२च्या कॅल्डरडेल खटल्यापासून हीच तीन सूत्रं वापरतात. निर्णय काउन्सिलच्या प्लॅनिंग खात्याचा. त्यांच्याकडून लेखी घ्या, फोनवरचं धरू नका.

खटपट्या:
आणि खणताना मोहरांचा हंडा लागला तर? :)

चुनखडी:
तर तो राजाचा. स्कॉटलंडमध्ये सापडलेली बेवारस पुरातन वस्तू राजसत्तेच्या मालकीची, कळवावीच लागते. शेड्यूल्ड जागेवर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर फिरवणं हाही गुन्हा.

खिंडाराचं राहिलं. विनापरवाना पाडणं हा गुन्हा पाडणाऱ्याचा, पण लिस्टेड भाग असेल तर पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते, मग पाडून कितीही वर्षं झालेली असोत. म्हणून सौदा पक्का व्हायच्या आत विक्रेत्याकडून त्या संमतीचा कागद मागा. नसेल तर किमतीत धरा, नाहीतर तशी अट घाला.

धागाकर्ता:
चुनखडी, मनापासून धन्यवाद. लाल रेषेचा नकाशा आणि खिंडाराचा फोटो वकीलबाईंना आजच पाठवतो. मिसिव्हजची (सौदा पक्का करणारी वकिलांमधली) पत्रं अजून सुरू झालेली नाहीत, त्यामुळे अट घालायला वाव आहे. लिस्टेड घरात डबल ग्लेझिंगची संमती कोणी मिळवली असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.